जुनी ओळख

कांजिण्यांमुळे नात खोलीत एकटी पडली होती आणि सापशिडीला भिडू मिळत नव्हता. त्र्यंबकराव पट घेऊन उत्साहाने निघाले, तर सुनेने दारातच अडवलं. “या वयात झेपायचं नाही, बाबा.”

“अगं, मला लहानपणीच येऊन गेल्यात!”

“सकाळचा चहा झालेलासुद्धा तुम्हाला आठवत नव्हता.”

शेवटी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई हसल्या. “आजोबांचं खरंय! म्हातारपणी शरीर नव्या रोगाशी लढायला चटकन शिकत नाही, पण जुना शत्रू पक्का ध्यानात ठेवतं.”

“म्हणजे ह्यांच्याच वळणावर गेलंय,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “नव्या जावयाचं नाव आठवत नाही, पण आमच्या लग्नात माझे मामा जिलबी वाढायला विसरले, ते अजून तोंडपाठ!”

ऐकायला त्र्यंबकराव होते कुठे? नातीच्या खोलीत शिरून ते शड्डू ठोकत होते. “कुठायत त्या कांजिण्या? सत्तर वर्षांनी सापडल्या!”