पाव-ये कुठे पडली

"उचल ती शेगडी!" ग्वेई-जू ओरडली आणि आ-तोंगच्या नूडलच्या दुकानापुढचं प्लास्टिकचं स्टूल तिने पायाने उडवलं. शेजारी बसलेलं गिऱ्हाईक वाडगा सांभाळत उभंच राहिलं.

तैवानमधल्या ताइनान शहराच्या त्या जुन्या गल्लीत दुकानांपुढे सलग पडवी आहे. ऊन-पावसात माणसांनी तिच्याखालून चालावं म्हणून बांधलेली. पण चालायला जागा आहे कुठे? इथे स्कूटर, तिथे खोकी, पुढे स्टुलं. त्यात जो तो आपल्या दारापुढची फरशी हवी तितकी चढवून बसलेला. एका दारापुढे पाय वर टाकायचा, पुढच्या दारापुढे खाली. म्हातारी माणसं कंटाळून रस्त्यावर उतरतात आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या खातात.

पाव-ये याच पडवीत पडली होती. तीन महिन्यांपूर्वी, सकाळी भाजीला निघाली असताना. खुबा मोडला. तेव्हापासून ती गल्लीतल्याच आपल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून होती. इमारतीला लिफ्ट नाही, मुलगा दूरच्या शहरात. चाळीस वर्षांची मैत्रीण ग्वेई-जू तेवढी रोज संध्याकाळी दुखरे गुडघे धरत पेज घेऊन वर जायची.

पडण्याच्या दिवशी ग्वेई-जू खिळे-कुलपांचं आपलं दुकान बंद करून भाचीच्या लग्नाला गेली होती. परतल्यावर तिने शंभरदा विचारलं, "कुठे पडलीस? कुणाच्या दारात?" पाव-ये म्हणायची, "भोवळ आली गं. आठवत नाही."

ग्वेई-जूला ते पटेना. तिने वॉर्डप्रमुखाचं डोकं खाल्लं. छपाईवाल्याची खोकी रस्त्यावर लोटली. स्कूटरवाल्यांशी रोज एक भांडण. आज आ-तोंगची पाळी होती.

"मावशी, धंद्याची वेळ आहे," आ-तोंग म्हणाला.

"तुमच्या धंद्यापायी एक बाई जन्माची जायबंदी झाली!"

"माझ्यापायी नाही झाली."

"मग कुणापायी? छपाईवाला म्हणतो माझ्यापायी नाही, तू म्हणतोस माझ्यापायी नाही. सगळे साव! ती काय हवेला अडखळली? तू पहाटेपासून इथे असतोस. तू पाहिलं असणार. बोल की! का दातखीळ बसली?"

आ-तोंगने झारा आदळला.

"तुमच्या दारात पडली! तुमच्या बंद शटरपुढे. मीच उचललं तिला. कळवळत होती, तरी शपथ घातली, ग्वेई-जूला सांगायचं नाही म्हणून. नंतर साऱ्या गल्लीला घातली. म्हणून तीन महिने तुमच्या शिव्या मुकाट गिळतोय आम्ही."

छपाईवाला मान खाली घालून दारात उभा होता.

ग्वेई-जूने वळून आपल्या दारापुढच्या ओट्याकडे पाहिलं. अठरा वर्षांपूर्वी पुराचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हा तो चढवलेला. नवरा म्हणत होता, चार बोटं पुरे. ती म्हणाली होती, चांगला वीतभर घे, लोकांचं लोक बघतील. गल्लीत तेवढा उंच ओटा दुसरा नव्हता.

ती आत गेली आणि घण घेऊन बाहेर आली. पहिला घाव फरशीवरून निसटला. तिसऱ्याला कडेची लादी फुटली. कुणी हसलं नाही. पाचव्या घावानंतर घण तिला उचलवेना. आ-तोंगने शेगडी विझवली, आधी ती मागे भिंतीशी ओढली, मग येऊन तिच्या हातातून घण घेतला.

ती तशीच तीन जिने चढली. केसांत सिमेंटची धूळ, श्वास लागलेला.

"वेडं केलंस मला!" दारातूनच ती कडाडली. "जगाशी भांडत फिरले मी! तोंड नव्हतं तुला? मोठी देवी लागून गेलीस मला माफ करणारी!"

घणाचे घाव पाव-येने खिडकीतून ऐकले होते. खाली आता आ-तोंग ते घालत होता.

"माफ कुणी केलंय?" ती म्हणाली. "पहिला महिनाभर रोज शिव्या दिल्या तुला. या खुर्चीत बसून. तुझ्या मेलेल्या नवऱ्यालासुद्धा सोडलं नाही."

"मग तोंडावर द्यायच्या होत्यास!"

पाव-येने खिडकीतून खाली पडवीकडे पाहिलं.

"मला खाली उतरता येत नाही, ग्वेई-जू," ती म्हणाली. "तुला कळलं असतं, तर तू वर आली असतीस का?"