दुकान चालू आहे

"दुकान चालू आहे, कमाई पूर्वीइतकीच आहे. मग यांचं बुडालं काय?" विमा कंपनीचे वकील म्हणाले आणि खाली बसले.

टेलरमास्तरांची बाकावर चुळबुळ चालली होती. टेम्पोने उडवल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. कात्री सोडाच, चहाचा कपही धरता येत नव्हता. तरी दुकान चालतंय एवढंच बघून खालच्या कोर्टाने बुडालेल्या कमाईपोटी छदामही दिला नव्हता. म्हणून हे अपील.

"सांगून टाका आता," शेजारी बसलेली बायको पुटपुटली.

सांगायचं खरं, पण मागे गल्लीतली दोन जुनी गिऱ्हाइकं येऊन बसली होती. मास्तरांना धीर द्यायला म्हणून आलेली. "हात गेला, पण मास्तरांचं कटिंग तेच!" असं ती अजूनही सगळ्यांना सांगत, आणि मास्तर नुसते हसत.

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, सध्या कापड बेततं कोण?"

मास्तर उठले. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"ही," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. पडद्यामागे बसून सगळं हीच करते. मी नुसता गल्ल्यावर असतो, मॅडम."

मागे कोणीतरी "अरेच्चा!" म्हणालं. मास्तरांचे कान तापले.

"म्हणजे ही कमाई यांची, तुमची नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "तुमचा हिशोब नव्याने करावा लागेल. दुकानाच्या उत्पन्नातून यांच्या कामाचा मोबदला वजा करू." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "यांना महिन्याला किती देता?"

मास्तरांनी आपल्या वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई फाइल चाळू लागल्या.

"म्हणजे... घरचंच काम आहे ना," मास्तर कसेबसे बोलले.

न्यायाधीश बायकोकडे वळल्या. "मग तुम्हीच सांगा. तुमच्या कामाचा मोबदला किती धरायचा?"

बायको उभी राहिली. बोटांवर काहीतरी मोजायला लागली, आणि मध्येच थांबली.

"नुसत्या दुकानातल्या कामाचा," तिने विचारलं, "की घरी गेल्यावरच्याही?"