उसवलेला बॉल

कॉलेजात फुटबॉल एकच, तोही कोचनी दाभणाने शिवून शिवून जगवलेला. त्याच्या जिवावर सव्वीस वर्षांत अकरा कप आणले. नव्या बॉलचा अर्ज नेला, की प्राचार्य कपांनी भरलेल्या कपाटाकडे बोट दाखवायचे. "याच बॉलवर जिंकताय की! नवा हवाय कशाला?" एकदा हरलो तरच यांचे डोळे उघडतील, असं ठरवून यंदा कोचनी मन घट्ट केलं आणि फायनलला कॅप्टनलाच बाहेर बसवलं. कॉलेज हरलं. दुसऱ्याच दिवशी ते अर्ज घेऊन केबिनमध्ये गेले. "हरून आलात आणि वर बॉल मागताय?" प्राचार्यांनी कागद न वाचताच परत केला. कोच मैदानाच्या पायरीवर उसवलेला बॉल मांडीवर घेऊन बसले, पण दाभणात दोरा ओवला जाईना. कॅप्टनने येऊन तो ओवून दिला. "सर, खरं सांगा, माझं काय चुकलं?" कोचनी टाका घातला.