चिवट ठिपका

समोर काही आडवं आलं की वाजणारं नवंकोरं रडार मिस्तरीने सहलीच्या बोटीवर बसवलं, पण मालकाची कटकट काही संपेना. "अहो, लाट उठली की वाजतं, पक्षी बसला की वाजतं! पाहुणे वैतागतात. याचं तोंड बंद करा बघू एकदाचं."

मिस्तरी पडद्यावरची पट्टी थोडी थोडी सरकवत गेला. लाटा गेल्या, पक्षी गेले. एक चिवट ठिपका मात्र काही केल्या जाईना. त्याने खिडकीतून पाहिलं आणि त्याला हसूच फुटलं. समोर त्याचे वडील, अण्णा, आपल्या लाकडी होडीत गळ टाकून बसले होते.

"तेवढाही घालवा," मालक म्हणाला.

मिस्तरी घुटमळला. पण मालक डोक्यावर उभा! 'हा घरी गेला की पट्टी परत मागे घेऊ,' असं मनाशी म्हणत त्याने ती आणखी जराशी सरकवली. ठिपका गेला. मालक इतका खूश झाला की त्या दिवशी बोटीवरच मुक्काम ठोकून बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दाट धुकं पडलं. दुपारी ते विरलं, तरी अण्णांची होडी परतली नव्हती. धक्क्यावर आई पाण्याकडे टक लावून उभी होती, आणि मिस्तरी तिची नजर चुकवत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.



"मिस्तरी, मानलं तुम्हाला! सकाळी त्या धुक्यातून बोट भरधाव आणली, पण तुमचं रडार एकदासुद्धा वाजलं नाही."