किकची गाडी

"काका, शर्यतीत उतरता का आता?" अंकुर हसत म्हणाला.

हसणारच की! नेरच्या बसस्टँडमागं त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान. तिथं शर्यतीच्या डर्ट बाईक पाहायला येतात ती मिसरूड फुटलेली पोट्टी. आणि आज समोर कोण, तर साठी केव्हाच उलटलेले, डोक्यावर टोपी, उजवा पाय ओढत चालणारे मारोतराव. सोबत बायको, शकुबाई. ती बाहेरच्या बाकड्यावरच बसली, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन. दुकानात तिनं डोकावूनही पाहिलं नाही.

"चालवाची नाही बापू," मारोतराव म्हणाले. "नुसती सुरू कराची आहे. रोज सांजच्याले, घरामांगं."

अंकुरचं हसू जागच्या जागी राहिलं.

"आमचा अक्षय शर्यती मारे ना धुळीतल्या. टू-स्ट्रोक होती त्याची. नाल्यापलीकून आवाज आला का ही ताटं वाढाले घे. मंग तापाचं निमित्त झालं अन् पोरगं गेलं." मारोतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तवापासून ही जेवेच ना. एक दिवस म्या उगीच किक मारली, इंजिन जाम होऊ नये म्हनून. तं ही उठली, तीन ताटं वाढली अन् पोटभर जेवली. मंग मी रोजच मारत गेलो."

"मग ती गाडी?"

"म्याच जाळली." मारोतराव म्हणाले. "टाकी संपली तं नुसतं पेट्रोल टाकलं, आपल्या साध्या गाडीत टाकतो तसं. त्यात ऑइल मिसळा लागते, हे मले कोन सांगन? सारं तोच करे. इंजिन जळलं. नागपूरपर्यंत हिंडलो, पार्ट भेटत नाही. पोराचं तेवढं एक राह्यलं होतं, तेबी म्या घालवलं, अन् ही पुन्हा जेवेनाशी झाली."

अंकुरनं मग थट्टा केली नाही. धूळ पुसत त्यानं दोन गाड्या बाहेर काढल्या.

"ही फोर-स्ट्रोक. सेल्फ आहे, बटन दाबलं का झालं. ऑइल मिसळाची कटकट नाही. अन् ही टू-स्ट्रोक. आवाज तुम्हाले पायजे तोच, पन हिले किकच मारा लागते." त्यानं मारोतरावांच्या पायाकडं पाहिलं. "गुडघ्याले काय झालं?"

"किक मारून मारूनच गेला. डॉक्टर म्हनते, आनखी मारसान तं जागेवर बससान."

"मंग फोर-स्ट्रोकच घ्या ना काका. कायले जीव काढता?"

"पयले तिले ऐकव."

अंकुरनं बटन दाबलं. गाडी डुगडुगायला लागली. मारोतराव बायकोच्या तोंडाकडं आशेनं पाहत राहिले. किती वाळली होती ती! हात वर केला की बांगड्या कोपराशी येऊन थांबत. ती बसस्टँडकडंच पाहत राहिली, मान काही वळली नाही.

"बंद कर," मारोतराव म्हणाले.

टू-स्ट्रोक आधी नुसती खोकली. अंकुरनं अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून पुन्हा किक मारली. निळा धूर उठला आणि तो कडक, टर्रटर्र आवाज पत्र्यांवरून थेट रस्त्यापर्यंत गेला.

शकुबाई उभी राहिली. पदर सावरून दुकानात आली.

मारोतरावांचा जीव भांड्यात पडला. "हीच! हीच दे बापू. पाय राहो नाही तं जावो!"

शकुबाईनं गाडीच्या टाकीवर हात ठेवला. टाकी थरथरत होती.

"कोनाची होय हे?" तिनं विचारलं.

"घाटंजीच्या एका पोराची, काकू. पुन्याले नोकरी लागली, तं इकून गेला."

"त्याले माय आहे?"

"आहे ना."

शकुबाईनं हात काढून घेतला. "मंग हा तिच्या लेकराचा आवाज आहे. आपला म्हनून कायले नेता? आपल्या अक्षयचा असा नव्हता. तो दाराशी आला का जरा हळू करे."

"अवो, सारखाच तं आहे!" मारोतराव रडकुंडीला आले. "घेऊन टाकू. तू फक्त जेवत जाय. तुले असं पाहावत नाही मले."

अंकुरनं गाडी बंद केली. शकुबाई नवऱ्याच्या पायाकडं पाहत होती, जणू आजच तो तिला दिसला.

"अन् तुमचा पाय गेला तं मले कोन पाहीन?"

तिनं मारोतरावांच्या दंडाला धरलं आणि बाहेर आणून बाकड्यावर बसवलं. फडकं सोडलं. आजही भाकरी तीनच बांधल्या होत्या, वर कांदा आणि ठेचा.

एक तिनं मारोतरावांच्या हातावर ठेवली. एक आपल्या मांडीवर घेतली. तिसरी हातात धरून ती बराच वेळ बसली. समोर नेर-यवतमाळ एसटी लागली, भरली, निघून गेली.

मग तिनं ती भाकर मधोमध मोडली. अर्धी त्यांच्या भाकरीवर ठेवली, अर्धी आपल्या.

"खा," ती म्हणाली, आणि पहिला घास तिनं स्वतः घेतला.