बारकीच्या पसंतीची ब्राउनी

"मधे कोरडी वाटते, बाबा," बारकी म्हणाली आणि कोपरा कुरतडून तिने बशी खाली ठेवली. "तुम्हीच बघा खाऊन."

शिंप्याने एक तुकडा तोंडात टाकला. वर पातळ कुरकुरीत पापुद्रा, आत ओलावा, मधूनच दाताखाली अक्रोड. त्याला तरी कोरडी लागली नाही. पण लेक चवीच्या बाबतीत आईवर गेलेली, तिच्यापुढे याचं काय चालणार?

आई जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून पोरीचं अन्नावरचं मनच उडालं होतं. ताट समोर आलं की चिवडायची आणि सरकवून द्यायची. त्याच्या जिवाला घोर लागला होता. येणाऱ्याजाणाऱ्याची कंबर नुसत्या नजरेने मापणारा माणूस तो. नजर सांगत होती, हिचं माप तेच आहे. पण काळजीपुढे नजरेचं कोण ऐकतं? स्वतःची पँट हल्ली नाडीने आवळावी लागते, हे बघायला तर त्याला सवडच नव्हती.

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, आई करायची तशी ब्राउनी असती तर खाल्ली असती. त्या दिवसापासून दुपार झाली की शिवणयंत्रावर कापड टाकून तो बायकोची वही उघडायचा. साखर कमी करून खजूर घालायचा, रक्त वाढावं म्हणून. दोनाऐवजी तीन अंडी, अंगी लागावं म्हणून. कोकोचा वास सुटला की घर पेंगुळायचं, ऊन फरशीवरून हळूहळू सरकायचं, आणि त्याला वाटायचं, ती आतच आहे, आता हात पुसत बाहेर येईल.

त्याने दुसरा ट्रे लावला. या खेपेला ओव्हन दोन मिनिटं आधीच बंद केला आणि पट्टी धरून चौकोन पाडले.

"आता ओली झालीय," बारकी म्हणाली. "पण कडवट लागतेय का?"

त्याने एक तुकडा खाल्ला. मग खात्रीसाठी कडेचा एक. मग मधला. कडवट मुळीच नव्हती.

"आता तरी खा गं, माझ्यासाठी," तो म्हणाला.

ती म्हणाली, गार होऊ दे, मग खाते.

तो खुर्चीत टेकला. पोटात ऊब होती, डोळे मिटत होते. गॅलरीत बारकी फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.

"हो डॉक्टर, आज चार तुकडे खाल्ले बाबांनी. आता मी त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवले तर चालेल?"