क्लॅरिनेटनंतर

दर रविवारी चर्चमधून परतताना क्लॉडिना यूस्टेसबाबांकडे थांबायची. तिचा नवरा त्यांच्या जॅझ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तो गेला, त्याचा सूर तेवढा यूस्टेसबाबांकडच्या जुन्या रेकॉर्डवर उरला होता.

रेकॉर्डच्या कव्हरवर फोटो यूस्टेसबाबांचा होता, पितळी ट्रॉम्बोन खांद्यावर घेतलेला. बँड त्यांचाच. पण क्लॉडिना यायची ती क्लॅरिनेटसाठी. तो सूर थांबला, की डोळे पुसून "येते हं" म्हणत उठायची. पुढचा ट्रॉम्बोन यूस्टेसबाब रिकाम्या खुर्चीसमोर बसून ऐकायचे. "जरा थांब" म्हणायचं कितीदा तरी ओठांवर यायचं, पण निघायचं नाही.

त्या रविवारी उठताना तिचा गुडघा आखडला. ती कण्हत परत टेकली, आणि ट्रॉम्बोन सुरू झाला. जड, रेंगाळणारा, कुणाला तरी हाका मारत गेल्यासारखा.

"हे तुम्ही वाजवताय?"

"मीच."

क्लॉडिना फिरत्या रेकॉर्डकडे वळली. "आणि मी दर वेळी उठून गेले, बाब?"

ट्रॉम्बोन संपला, नुसती खरखर उरली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "तुमचंच."

त्यांनी सुई उचलली. क्लॅरिनेट संपतो, नेमकी तिथेच टेकवली.